प्रबंधाची लग्नपत्रिका झाली त्याची गोष्ट

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, आणि बऱ्हाणपुरातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका माझ्या हातून गेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली ऐकून जे हसतात त्यांना मी दुसरी ऐकवतो.

या अंकाचं काम बघणारे घरी आले आणि म्हणाले, काका, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी म्हटलं लिहीन, पण एक अट आहे. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघा, बाकी माझ्या वाक्याला हात लावायचा नाही. जन्मभर मी लोकांचं लिहिलेलं जसंच्या तसं जुळवलं, आता एकदा माझं कुणीतरी तसंच जुळवा. ते हो म्हणाले. शब्द पाळला की नाही ते छापून आल्यावर बघीन, आणि नसेल पाळला तर त्यांचं घर मला माहीत आहे.

आमची प्रेस सिंधीपुऱ्यात. आधी सगळं काम खिळ्यांचं. खिळा म्हणजे शिशाचं एक अक्षर, आरशात दिसावं तसं उलटं. लाकडी केसमध्ये एकेका अक्षराचं घर असायचं, आणि दर आकाराची केस वेगळी. मोठा मथळा असला की मोठ्या खिळ्याची केस ओढायची, बारीक मजकुराला बारीक. मी तेव्हा सुलट वाचण्यापेक्षा उलटं जास्त चांगलं वाचायचो. आज सुद्धा कुणी टेबलापलीकडे बसून कागद वाचत असेल तर इकडून मी त्याच्या आधी वाचून संपवतो. ही सवय चांगली नाही, पण गेली नाही.

मग कॉम्प्युटर आला. मालकांनी शिसं वजनावर विकलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या घरी सून आली. शुभांगी तिचं नाव, कॉम्प्युटरचा कोर्स झालेली. आम्ही सगळे तिला सूनबाईच म्हणायचो. मालक मला म्हणाले, "नथ्थू, आता तू कटिंग बघ, बाइंडिंग बघ. हे मशीन सूनबाई सांभाळेल."

मी म्हटलं, "मालक, तीस वर्षं अक्षर जुळवलं. आता दोऱ्यानं पानं शिवत बसू?"

"अरे पण तुला येणार का ते?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. कुणी येणार का असं विचारलं की मला ते आलंच पाहिजे, असा माझा स्वभाव. घरच्यांनी याचा फार त्रास काढलाय.

सूनबाई शिकवायची, मी शिकायचो. फक्त एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. त्या मशीनवर सगळं इंग्रजीत असायचं आणि मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. मी जागा पाठ केल्या. वरून तिसऱ्या ओळीत उजवीकडचा चौथा चौकोन म्हणजे अक्षर जाड. डावीकडून दुसरा पडदा उघडला की खालून पाचवी ओळ म्हणजे समास. खिळ्याच्या केसमध्ये तरी काय लिहिलेलं असायचं? हाताला घर माहीत असायचं. तेच इथे. सूनबाई म्हणायची, "काका, तुमचा स्पीड तर माझ्यापेक्षा जास्त आहे." मी मान हलवायचो.

आता स्टाइल म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. समजा दोनशे पानांचं पुस्तक आहे आणि त्यात चाळीस मथळे. प्रत्येक मथळा निवडून तो मोठा करायचा, जाड करायचा, मधोमध आणायचा, हे एक काम. दुसरी रीत अशी की आधी मशीनला सांगायचं, हे बघ, अमुक नावाचा एक पोशाख आहे, मोठा, जाड, मधोमध. मग ज्या ज्या ओळीला तो घालायचा तिला फक्त नाव लावायचं. फायदा काय? उद्या गिऱ्हाईक म्हणालं मथळे थोडे लहान करा, तर चाळीस ठिकाणी हात लावायचा नाही. पोशाख एकदा बदलायचा, चाळीसही मथळे आपोआप बदलतात. त्या पोशाखाला स्टाइल म्हणतात. सूनबाईनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे केसच की ही. फक्त खिळे उचलायला नको." ती हसली. पण मला ते जेवढं पटकन कळलं तेवढं कॉलेजच्या पोरांना कळत नाही, हे मी पाहिलंय.

माझ्या स्टाइलींची नावं वेगळी होती. ती का, त्याचीही गोष्ट आहे.

असीरगढच्या एका घरची पत्रिका होती. तेव्हा मी नवा होतो, प्रत्येक नाव हातानं लहानमोठं करायचो. पत्रिका वाटून झाल्यावर मुलीचे थोरले काका दुकानात आले. हातात शाळेतली पट्टी. पत्रिका टेबलावर ठेवली, पट्टी ठेवली.

"नथ्थूजी, मोजा."

"काय मोजू दाजी?"

"माझं नाव मोजा. पावणेदोन सूत. आता खालचं धाकट्याचं मोजा. दोन सूत. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, आणि कार्डात माझ्याहून मोठा!"

"छापताना थोडं इकडंतिकडं होतं हो."

"थोडं? व्याह्यांच्या गावी कार्डं पोचली. आता मांडवात ते आधी कुणाच्या पाया पडतील? धाकट्याच्या! आणि तो पडू पण देईल, मी त्याला ओळखतो."

ते उठेनात. चहा पाजला, मावा जलेबी आणली. जलेबी खाल्ली आणि पुन्हा पट्टी उचलली. शेवटी नव्यानं छापून दिलं तेव्हा गेले. त्या दिवशी मी ठरवलं की इथून पुढे नावाचा आकार हातानं करायचा नाही. स्टाइली बनवल्या आणि त्यांना नाती दिली. सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर ते 'आजोबा'. त्याखालचं 'वडील'. साध्या मजकुराला 'मंडळी'. ज्याचं कौतुक वेगळं दिसलं पाहिजे ते नक्षीचं गुलाबी अक्षर 'जावई'. मुलामुलीच्या नावाला 'नवरदेव'. आणि खालची बारीक ओळ 'पोरं'. ही पोरांची ओळ आमच्या भागात हिंदीवाल्यांकडून आली, आता मराठी घरातही लागते. बोबड्या बोलीत असते, आमच्या मावशीच्या लग्नात जलुल जलुल या, आणि खाली घरातल्या सगळ्या बारक्यांची नावं.

सूनबाई म्हणाली, "काका, हेडिंग वन, हेडिंग टू असं नाव देतात."

"ते तुमच्यात देत असतील. माझ्याकडे आजोबा."

आणि त्यात एक गंमत निघाली. मशीनमध्ये एक स्टाइल दुसरीवर बेतता येते. 'वडील' मी 'आजोबां'वर बेतली. आजोबांचं अक्षर बदललं की वडिलांचंही बदलायचं, फक्त एक माप कमी. सूनबाईला हे समजवायला पुस्तकात तीन पानं लागली होती. मला नाती लावल्यावर एका मिनिटात कळलं.

सगळ्या स्टाइली मी एका फाइलीत ठेवल्या, तिचं नाव 'लग्न'. नवी पत्रिका आली की कोऱ्या फाइलीत 'लग्न'मधून स्टाइली आणायच्या. आणणं म्हणजे एक खिडकी उघडते, तिच्यात सगळ्यांची यादी, समोर बरोबरच्या खुणा. मग मशीन इंग्रजीत काहीतरी विचारतं, खाली तीन बटणं. मी डावीकडचं दाबायचो. प्रत्येक वेळी काम व्हायचं. ते काय विचारतं याची मला कधी गरज पडली नाही.

हे असं चाललेलं असताना वंदनाताई आल्या.

शाहपुरच्या शाळेत त्या शिकवायच्या. सासर केळीवाल्यांचं, दारात बाग. त्या पीएच.डी. करत होत्या आणि त्यांचा विषय काय, तर केळीच्या शेतीतले शब्द. तापीकाठचे लोक केळीबद्दल जे जे बोलतात ते त्यांनी गोळा केलं होतं. कांदेबाग म्हणजे काय, पिलबाग म्हणजे काय, घड कधी म्हणायचं, फणी कधी. सहा वर्षं बांधाबांधानं फिरून. मी म्हटलं, "ताई, हे तर आमच्या गल्लीतला हातगाडीवाला पण सांगेल."

"त्यालाही विचारलंय काका," त्या म्हणाल्या. "त्याचे सात शब्द आहेत प्रबंधात."

त्यांची अडचण अशी होती. प्रबंध तीन ठिकाणी टाइप झालेला. दोन प्रकरणं बऱ्हाणपुरात, दोन त्यांच्या भावानं जळगावला करून घेतलेली, शेवटचं प्रकरण आणि शब्दांची यादी शाळेतल्या मशीनवर. तीन फाइली, तिघींची तीन रूपं. विद्यापीठाचा नियम कडक, सगळं एकसारखं पाहिजे. आणि मुदत वाढवून वाढवून संपलेली. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता बांधलेल्या प्रती टेबलावर नाही आल्या तर नाव रद्द. पुन्हा पहिल्यापासून.

"आणि मी पुन्हा नाही करणार," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी सहा वर्षं ऐकलं. सातवं वर्ष मागायची माझी हिंमत नाही."

मी म्हटलं, "पंधरा दिवस द्या. एकसारखं काय, सख्ख्या भावंडांसारखं करून देतो."

तिन्ही फाइली एक केल्या आणि ओळ न् ओळ घेऊन तिला नाव लावलं. प्रकरणाचं नाव 'आजोबा'. पोटमथळा 'वडील'. मजकूर 'मंडळी'. केळीचा प्रत्येक शब्द, जो ठळक दिसायला हवा, तो 'जावई'. आणि शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ, तो 'पोरं'. दुसरी नावं शोधायची मला गरज वाटली नाही. मापं अर्थात विद्यापीठाच्या नियमाची, काळी, सरळ, नक्षी नाही. मध्येच त्यांच्या सरांचा निरोप आला, ओळींमधलं अंतर वाढवा, शब्द आणखी ठळक करा. वंदनाताई रडवेल्या होऊन आल्या. मी त्यांच्यासमोर दोन स्टाइली बदलल्या आणि अडीचशे पानं बदलली. त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या. मी चहा मागवला. असे क्षण धंद्यात फार येत नाहीत, आले की चहा मागवावा.

सरांनी त्या फाइलीवर बसून शेवटच्या दुरुस्त्या करवल्या, इतक्या की जुन्या तिन्ही फाइली कामाच्या राहिल्या नाहीत. सूनबाई म्हणाली, "काका, एक कॉपी वेगळी ठेवा."

"माझ्या हातात आहे ना."

"म्हणूनच म्हणते."

मी ठेवली नाही. हे मी कबूल करतो.

मंगळवार उजाडला. दुपारी छपाई, संध्याकाळी बाइंडिंग, बुधवारी पहाटेच्या बसनं ताई निघणार, असं ठरलेलं. सकाळी अकराला सगळं तयार होतं, फक्त मुखपृष्ठ राहिलं होतं. ताईंनी भाचीच्या पत्रिकेत आमचं नवरदेवाचं अक्षर पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "काका, मुखपृष्ठावर असं अक्षर नियमात बसतं का हो?" मी नियम बघितला. मुखपृष्ठावर फक्त आकार सांगितला होता, अक्षर नाही. म्हटलं, बाईनं सहा वर्षांत एवढी एक हौस सांगितली, करू.

म्हणून 'लग्न' फाइलीतून फक्त 'नवरदेव' आणायला गेलो. खिडकी उघडली. यादी आली, सगळ्यांपुढे खुणा. मशीननं इंग्रजीत विचारलं. मी डावं बटण दाबलं.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या यायला एक मिनिट लागलं. बाकीच्यांच्या खुणा मी काढल्याच नव्हत्या, आणि दोन्ही फाइलीत आजोबा होते, दोन्हीत जावई होते. नाव एकच असेल तर जुना पोशाख ठेवू की नवा घालू, हे ते मशीन विचारत होतं. आणि मी म्हटलं, सगळ्यांना नवा घाल.

पहिल्या प्रकरणाचं नाव लाल झालं, सोनेरी किनार आली. 'बागायती शब्दसंपदेचे वर्गीकरण' हे एखाद्या मुलीचं नाव असावं तसं वेलबुट्टीत उभं राहिलं. मजकूर सगळा मधोमध, आपल्या आगमनाने आम्हास आनंद होईल अशा थाटात. केळीचे शब्द गुलाबी, नक्षीदार. मी खाली खाली गेलो. अडीचशे पानांचं लग्न. मला हसू यायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग शब्दांची यादी आली, आणि हसू थांबलं. गुलाबी शब्द एकाखाली एक उभे. त्यांच्याखाली काही नाही. अर्थ नाहीत. पान खाली, आणखी खाली, नुसते शब्द. सगळे अर्थ गेलेले.

आणि त्याच वेळी पंख्यानं दम टाकला.

त्या वर्षांत आमच्याकडे वीज फार जायची, आणि जाण्याआधी पंखा हळू व्हायचा. बऱ्हाणपुरात मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाचा हात तेव्हा आपोआप एकाच गोष्टीकडे जायचा. सेव्ह. डोकं विचार करायच्या आधी हात करायचा. माझ्याही हातानं केलं. एक पाऊल मागे जायचं बटण असतं, ते मला ठाऊक होतं, पण बोटं सेव्हवर गेली, आणि लाईट गुल. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच बसलेली. वीजवाल्यांना विचारलं तर म्हणाले, दोन तास तरी.

काळ्या पडद्यासमोर मी बसून राहिलो. तेवढ्यात वंदनाताई आल्या. हातात पिशवी, पिशवीत पेढे. छापून झालं की लगेच तोंड गोड करायचं म्हणून आणलेले.

"झालं का काका?"

"झालं म्हणजे काय," मी म्हटलं, "लाईट आली की छापतो."

हे बोललो मी. आज इतकी वर्षं झाली, त्या एका वाक्याची लाज वाटते मला. चूक झाली त्याची एवढी नाही वाटत.

त्या स्टुलावर बसल्या. सूनबाई आतून आली, तिघंजण लाईटीची वाट बघत बसलो. ताई मोकळ्या झाल्या होत्या, बोलत होत्या. म्हणाल्या, "निम्मे अर्थ आमच्या सासूबाईंचे आहेत. मी शब्द आणायचे, त्या अर्थ सांगायच्या. शाळेत एक दिवस गेल्या नाहीत, पण असा अर्थ सांगायच्या की पुढे विचारायलाच नको. गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा अटॅक आला. आता ओळखतात, हसतात, बोलता येत नाही. मी त्यांना म्हटलं, आई, तुमचं सगळं कागदावर आलंय."

सूनबाई म्हणाली, "मग पहिली प्रत त्यांना दाखवा."

"तेच तर करणार आहे."

मी पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. शेवटी मी उभा राहिलो. बसून सांगता येईना.

"ताई," मी म्हटलं, "अर्थ गेले."

"म्हणजे?"

"फाइलीतून गेले. माझ्या हातानं गेले. शब्द आहेत, अर्थ नाहीत. आणि सगळ्या प्रबंधाची लग्नपत्रिका झालीय."

त्यांनी पेढ्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सूनबाई पुढे आली. "काका, नीट सांगा. स्टाइल आणताना मशीननं काय विचारलं होतं?"

"विचारलं काहीतरी."

"काय काहीतरी?"

"इंग्रजीत होतं."

"मग वाचलं नाही?"

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर मालकांच्या वडिलांचा फोटो होता. म्हटलं आता लपवून काय करायचं. "मला वाचता येत नाही. इंग्रजी येत नाही मला. एक अक्षर नाही. इतकी वर्षं जागा पाठ करून काम करतोय. तुला सांगितलं नाही."

सूनबाई म्हणाली, "हे तर मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"काय?"

"काका, सगळ्या सिंधीपुऱ्याला माहीत आहे. सासरेबुवांना माहीत आहे. कागदवाल्याला माहीत आहे. तुमच्यासमोर कुणी बोलत नाही, तुम्ही चिडता म्हणून."

ताई त्या अवस्थेत सुद्धा हसल्या. रडता रडता हसल्या म्हणा. मला राग यायला हवा होता, पण बसायला जागाच शोधत होतो.

सूनबाईनं एक जुनं प्रूफ उलटं करून माझ्यापुढे ठेवलं, पेन दिलं. "आता बसा आणि लिहा. प्रबंधात कुठल्या स्टाइलीचं काय माप होतं ते. नाव तर कुणाचं बदललं नाही ना? प्रत्येक ओळीला तिचं नाव अजून आहे ना?"

मी थांबलो. नाव. प्रत्येक ओळीला तिचं नाव होतं. शब्द गुलाबी झाले ते जावई होते म्हणूनच गुलाबी झाले. म्हणजे नाती शाबूत होती, नुसते कपडे बदलले होते. कपडे परत घालता येतात.

"ते सगळं होईल," मी म्हटलं, "पण अर्थ?"

"अर्थाला काय नाव दिलं होतं?"

"पोरं."

"आणि 'लग्न' फाइलीत पोरं म्हणजे?"

"जलुल जलुल या..."

आणि मग मला आठवलं. मी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की दचकलेल्या ताईंच्या मांडीवरून पेढ्यांची पिशवी उडाली. चार दिवसांपूर्वी राजपुऱ्याच्या एका घरची पत्रिका केली होती. त्यांचे आजोबा मोठे शिस्तीचे, म्हणाले, ते बोबडं काही छापायचं नाही आमच्यात. आता ती ओळ खोडली तर पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा टाइप करा. म्हणून मी खोडली नव्हती. 'लग्न' फाइलीतल्या 'पोरं' या स्टाइलीलाच एक खूण केली होती, लपव म्हणून, आणि ती काढायची राहिली होती. अशी खूण असते. ओळ फाइलीत राहते, कागदावर दिसत नाही. आणि तीच खूण आता प्रबंधातल्या सगळ्या अर्थांना लागली होती.

"गेले नाहीत!" मी ओरडलो. "ताई, लपलेत ते! मीच लपवलेत!"

"नक्की?"

"तुमच्या सासूबाईंची शपथ."

"त्यांची नका घेऊ, तुमची घ्या," सूनबाई म्हणाली.

घेतली. पण खात्री लाईट आल्याशिवाय होणार नव्हती. दोन तासांतला दीड तास बाकी होता. मी प्रूफाच्या पाठीवर मापं लिहिली. आजोबा, अमुक आकार, काळे, मधोमध. वडील, अमुक, डावीकडे. सगळं तोंडपाठ होतं, एकही माप चुकलं नाही, हे सूनबाईनं नंतर स्वतः सांगितलं. ताई मिनिटामिनिटाला दाराबाहेर जाऊन विजेच्या तारेकडे बघून येत होत्या, जणू वीज तारेवरून चालत येताना दिसणार होती. बाहेर केळीचा ट्रक अडकला होता, त्याचा हॉर्न वाजत होता. कुणीही पेढ्याला हात लावला नाही.

पंखा फिरला. मशीन सुरू व्हायला लागणारा वेळ मला एवढा मोठा कधीच वाटला नव्हता. फाइल उघडली. लाल, गुलाबी, सोनेरी, सगळा थाट जसाच्या तसा. ताईंनी पहिल्यांदा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

मी आधी मापांकडे गेलो नाही. सरळ 'पोरं' उघडली. लपवण्याची खूण कुठे असते ती जागा मला पाठ होती. सूनबाई म्हणाली, "थांबा, वाचून सांगते," आणि तिनं वाचून सांगितलं, आणि मी थांबलो. तिनं हो म्हटल्यावर खूण काढली.

समोर उघडलेल्या पानावर पहिला शब्द होता 'निसवण'. त्याच्याखाली बारीक अक्षर उमटलं. ताई पुढे वाकल्या आणि मोठ्यानं वाचलं, "केळीच्या पोटातून घड बाहेर पडू लागणे." मग पुढचा वाचला, मग त्याच्या पुढचा. मी म्हटलं, "ताई, वाचून झालं की सांगा, मला छापायचंय."

बाकीचे कपडे बदलायला दहा मिनिटं लागली. तीन वाजता छपाई सुरू झाली. बाइंडिंग मी स्वतः केलं, मालकांनी मला शिवायला बसवायची स्वप्नं पाहिली होती ती त्या दिवशी पुरी झाली. मुखपृष्ठावर नवरदेवाचं अक्षर लावलं, काळ्या रंगात. पेढे आम्ही दिवे लागायच्या आत खाल्ले.

बुधवारी मी कटिंगच्या मशीनजवळ बसून होतो, पण कापत काही नव्हतो. सूनबाईही चार वेळा आतबाहेर करून गेली. पावणेपाच वाजले, काही नाही. पाच वाजायला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. सूनबाईनं उचलला, ऐकलं, आणि फोन माझ्याकडे दिला.

"काका, घेतला," ताई म्हणाल्या. "शिक्का मारला. खिडकीतले बाबू म्हणाले, अक्षर फार छान आहे मुखपृष्ठाचं, कुठं छापलं?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, आमच्या घरच्या प्रेसमध्ये."

मी फोन ठेवला. थोडा वेळ उगाच पंख्याकडे बघितलं, तो नीट फिरत होता. मग खुर्ची ओढून मशीनपुढे बसलो आणि सूनबाईला हाक मारली.

"ती खिडकी उघड. ती इंग्रजी विचारणारी."

"आता कशाला काका?"

"वाचायला शिकव."

तिनं खिडकी उघडली. तीन बटणं. माझं बोट सवयीनं डावीकडच्या बटणाकडे गेलं. तिनं माझं मनगट धरलं आणि बोट उजवीकडच्या बटणावर नेऊन ठेवलं.

"आधी हे शिका," ती म्हणाली. "याला कॅन्सल म्हणतात."